भरीत, बट्टी आणि शेवभाजीसोबत वाइन कशी चाखावी

नाशिकहून परतताना एखाद-दुसरी बाटली घेऊन येणे जळगाव-धुळ्याकडे आता नवलाचे राहिलेले नाही. ती घरी आल्यावर मात्र बहुतेक वेळा एकच प्रकार घडतो. बाटली आठवडाभर स्वयंपाकघरातल्या फडताळात पडून राहते, रविवारी ‘मटणाला रेड’ हे ऐकीव वाक्य प्रमाण मानून ती रश्श्यासोबत तशीच कोमट ओतली जाते, पहिल्याच घोटाला तोंडाची आग दुप्पट होते आणि ‘आपल्या जेवणाला हे चालत नाही’ असा निकाल लागतो. हा निकाल चुकीचा आहे. वाइन गरम होती, ती अन्नाशिवाय चाखलीच गेली नव्हती आणि तिची जोडी मसाला न पाहता मांसाशी लावली गेली होती, अशा तीन चुका एकावर एक चढलेल्या असतात.

पुढील क्रम घरच्या चार-सहा माणसांच्या साध्या जेवणासाठी आहे. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची किमान अट २१ वर्षांची आहे, आणि जेवणानंतर ज्याला गाडी चालवत गावी परतायचे आहे त्याने त्या रात्री ताकच प्यावे. हे दोन मुद्दे पुन्हा सांगणार नाही.

१. आधी ताट ठरवा, मग बाटली

बाटली निवडताना मटण आहे की वांगे, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. आधी चार गोष्टी पाहाव्यात: मिरची किती आणि हिरवी की लाल, तेल-तूप किती, आंबट काही आहे का, आणि गोड काही आहे का.

मिरचीतला कॅप्सायसिन हा घटक तोंडातल्या उष्णतेची जाणीव देणाऱ्या ज्या ग्राहींना चेतवतो, त्यांनाच अल्कोहोलही चेतवते; म्हणून काळ्या मसाल्याच्या तर्रीवर साडेचौदा टक्क्यांची रेड घेतली की आगीत तेल पडते, आणि तीच तर्री बारा टक्क्यांच्या, थंड आणि किंचित गोडसर व्हाइटसोबत सुसह्य होते. लेबलवर अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते. द्राक्षाच्या जातीचे नाव वाचण्याआधी तो आकडा वाचावा.

दुसरा घटक टॅनिन, म्हणजे रेड वाइनमधला तुरटपणा. जांभूळ किंवा कच्चे केळे खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते तशीच ही जाणीव असते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून ठेवते. मांसातली चरबी, प्रथिने आणि मीठ हा तुरटपणा मवाळ करतात. मिरची तो अधिक टोचरा करते. मटणाला रेड चालते हे म्हणूनच अर्धे खरे आहे: मटणाला चालते, मटणाच्या तिखटाला चालत नाही.

खान्देशी स्वयंपाकासाठी घरात एकच बाटली आणायची असेल तर ती शेनिन ब्लां या व्हाइटची आणावी. दोन आणायच्या असतील तर सोबत रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, आणावी. सोव्हिन्यों ब्लां ही दुसरी व्हाइट, ब्रूट (गोडी जवळजवळ नसलेल्या) प्रकारची बुडबुड्यांची स्पार्कलिंग आणि शिराझ ही रेड या नंतरच्या खरेद्या आहेत, आणि ओकच्या पिंपात मुरवलेली जड कॅबर्ने सोव्हिन्यों ही रेड आपल्या रोजच्या ताटासाठी सर्वांत शेवटी. शेनिन कोरडी, म्हणजे गोडी नसलेलीही असते आणि किंचित गोडही असते. कोणती आहे ते लेबलवर पाहावे किंवा दुकानात विचारावे.

इशारा: नंदुरबार किंवा धुळ्याहून पुढे गुजरातेत जाणार असाल तर गाडीत बाटली ठेवू नका. तिकडे दारूबंदी आहे.

२. प्रवास आणि साठवण

नाशिकहून जळगाव सुमारे अडीचशे किलोमीटर आहे आणि मे महिन्यात बंद डिकीतली उष्णता बाहेरच्या बेचाळीस अंशांपेक्षाही बरीच जास्त असते. एकदा मी स्वतः दोन बाटल्या डिकीत टाकून दुपारी निघालो होतो. घरी पोहोचेपर्यंत एका बाटलीचा कॉर्क बोटभर वर सरकला होता, आणि वाइनला ताज्या फळाऐवजी करपत आलेल्या मुरंब्याचा वास येत होता. ती पुन्हा थंड केल्याने काहीही परत मिळाले नाही, कारण उष्णतेने बिघडलेली वाइन दुरुस्त होत नाही. बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या कापडात गुंडाळून, गाडीच्या आत पायाशी ठेवाव्यात आणि शक्य असेल तर पहाटे निघावे.

घरी बाटली फ्रीजच्या डोक्यावर किंवा गॅसच्या ओट्याखाली ठेवू नये. वाइनसाठी बारा ते पंधरा अंश हे आदर्श तापमान खान्देशातल्या घरात वाइन-फ्रीजशिवाय मिळणार नाही, हे मान्य करून पुढचा व्यवहार्य नियम पाळावा: फेब्रुवारी ते जून या काळात आणलेली बाटली थेट साध्या फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी आणि महिनाभरात संपवावी. थंडीच्या दिवसांत जुन्या मातीच्या भिंतींच्या घरातली आतली अंधारी खोली पुरते. कॉर्कची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे कॉर्क ओला राहतो. फिरवून उघडायच्या झाकणाची बाटली उभी राहिली तरी चालते.

साध्या व्हाइट आणि रोझे वर्षानुवर्षे ठेवण्याच्या नसतात. त्या मुरण्याची वाट पाहणे ही आपल्याकडची दुसरी मोठी गैरसमजूत आहे. वर्ष-दोन वर्षांत त्यांचा ताजेपणा ओसरतो.

३. तापमान

सर्वांत जास्त बिघाड याच टप्प्यावर होतो, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हे वाक्य थंड देशांतल्या घरांसाठी तयार झाले. त्या खोलीचे तापमान सोळा ते अठरा अंश असते. भुसावळच्या एप्रिलमधली खोली त्या वाक्यात बसत नाही.

स्पार्कलिंग सहा ते आठ अंशांवर, व्हाइट आठ ते दहा अंशांवर, रोझे दहा ते बारा अंशांवर आणि शिराझसारखी रेड पंधरा-सोळा अंशांवर ओतावी. पुस्तकांतली ‘रेड अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा’ ही सूचनाही आपल्याला लागू पडत नाही, कारण ती वीस-बावीस अंशांच्या बाटलीसाठी आहे. अडतीस अंशांच्या खोलीतली बाटली घरच्या फ्रीजमध्ये सोळा अंशांपर्यंत उतरायला साधारण दोन-अडीच तास लागतात आणि व्हाइटसाठी चार-पाच तास लागतात. व्हाइटची बाटली सकाळीच फ्रीजमध्ये घालावी आणि रेडची ओतण्याआधी दोन-अडीच तास.

घाई असेल तर खोल पातेल्यात किंवा बादलीत निम्मा बर्फ, निम्मे पाणी आणि मूठभर जाडे मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. पाणी सर्व बाजूंनी काचेला भिडत असल्याने नुसत्या बर्फापेक्षा हे कितीतरी जलद होते: रेडला पंधरा मिनिटे आणि व्हाइटला अर्धा तास पुरतो.

इशारा: वाइनमध्ये बर्फाचे खडे टाकू नका, ती पातळ होते. बाटली फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. स्पार्कलिंगची बाटली तेथे फुटू शकते.

तपासणी: रेडची बाटली हाताला स्पष्ट गार लागली पाहिजे आणि व्हाइटच्या बाटलीवर बाहेर काढताच दव धरले पाहिजे. हे दोन्ही नसेल तर जेवण थांबवू नका, पण वाइन थांबवा.

४. ग्लास, हवा आणि तोंड

चाखणे म्हणजे मुख्यतः वास घेणे आहे. फोडणीत लसूण करपत असताना, उदबत्ती लावलेल्या खोलीत किंवा मसाल्यासाठी खोबरे-कांदा भाजून झाल्या झाल्या चाखायला बसणे निरर्थक असते. स्वयंपाक आटोपल्यावर खिडक्या उघडाव्यात आणि अर्ध्या तासाने ओसरीवर किंवा गच्चीवर बसावे.

ग्लास काचेचा, पारदर्शक आणि तोंडाशी किंचित निमुळता हवा. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि रुंद तोंडाच्या पेल्यातून वास निसटून जातो. भांड्याच्या साबणाचा किंवा फडताळातल्या लाकडाचा वास ग्लासाला हमखास लागलेला असतो. गरम पाण्याने नुसता धुऊन तो हवेत सुकवावा आणि नाकाशी धरून पाहावा. कोरड्या ग्लासाला वास आला तर वाइनलाही तोच येणार.

तोंडही तयार हवे. पान, तंबाखू, बडीशेप, चहा आणि ठेचा यांपैकी काहीही चाखण्याआधी अर्धा तास घेऊ नये. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ठेचा खाऊन वर तांब्याभर पाणी प्यायल्याने जीभ मोकळी होत नाही. कोरड्या भाकरीचा तुकडा चावणे किंवा तुपाचा घास घेणे त्याहून उपयोगी पडते.

५. उघडणे आणि दोष पाहणे

कॉर्कस्क्रू मधोमध सरळ घालावा आणि कॉर्क हळू ओढावा. स्पार्कलिंगची बाटली उघडताना तिचे तोंड माणसांकडे धरू नये, कॉर्क हाताने दाबून ठेवावा आणि बाटली फिरवावी. लग्नासारखा आवाज काढण्याचा मोह टाळावा. फेसाबरोबर निम्मी वाइन जमिनीवर जाते.

प्रत्येक बाटलीतला पहिला चमचाभर भाग यजमानाने स्वतः तपासावा. भिजलेल्या गोणपाटाचा किंवा ओल्या रद्दीचा वास आला तर कॉर्क बाधलेला आहे. सिरक्याचा झणका किंवा काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास आला तर हवा लागली आहे. शिजलेल्या फळाचा वास आला तर डिकीचा प्रताप आहे. तळाशी काचेसारखे बारीक स्फटिक दिसले तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. ते द्राक्षातल्या आम्लाचे क्षार असतात आणि निरुपद्रवी असतात.

६. अन्नाशिवाय पहिला घोट

हा टप्पा गाळला की पुढे जोडी जमली की बिघडली हे कळतच नाही, कारण वाइन मुळात कशी होती हेच माहीत नसते. प्रत्येकाला सुमारे पन्नास मि.ली. ओतावे, ग्लासचा एक-तृतीयांशही भरू नये.

आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग पाहावा. मग न हलवता एकदा वास घ्यावा, ग्लास टेबलावर ठेवून तीन-चार वेळा गोल फिरवावा आणि पुन्हा वास घ्यावा. वासाला नाव देताना परदेशी फळांची यादी पाठ करण्याची गरज नाही. पेरू, कैरी, लिंबाचे पान, जांभूळ, मिरी, ओली माती, गूळ असे आपल्या नाकाच्या ओळखीचे शब्द अधिक खरे असतात. त्यानंतर लहान घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा आणि चार प्रश्न विचारावेत. जिभेच्या कडांना पाणी सुटते का? सुटत असेल तर आंबटपणा चांगला आहे. हिरड्या खरखरीत होतात का? तो टॅनिन. घशात ऊब जाणवते का? ते अल्कोहोल. गोडी उरते का?

उत्तरे वहीच्या पानावर एका ओळीत लिहून ठेवावीत. लिहिणे शिष्टपणाचे वाटेल, पण दुसऱ्या ग्लासनंतर कोणाचीही आठवण भरवशाची राहत नाही.

७. घोट, घास, घोट

आता एक घोट घ्यावा. मग भाकरीसह पदार्थाचा नेहमीएवढा घास पूर्ण चावून गिळावा आणि दहा-पंधरा सेकंद थांबून पुन्हा घोट घ्यावा. घास तोंडात असताना वर वाइन ओतणे ही नेहमीची चूक आहे. त्यात दोन्हींचा लगदा होतो.

दुसरा घोट पहिल्यापेक्षा मवाळ किंवा अधिक फळदार लागला तर जोडी जमली. आग वाढली तर अल्कोहोल जास्त आहे किंवा वाइन पुरेशी थंड नाही. कडवट लागला तर टॅनिन नडले. पाणचट लागला तर ताटातला आंबटपणा वाइनच्या आंबटपणावर चढला, आणि यात बहुतेक वेळा गुन्हेगार लिंबाची फोड असते.

इशारा: वरणावर लिंबू पिळणे, कैरीचे लोणचे आणि ताक हे तिन्ही या प्रयोगापुरते बाजूला ठेवा. आपल्या हाताला सवय असते आणि न सांगता लिंबू पिळले जाते.

८. पदार्थ आणि त्यांची वाइन

*वरण-बट्टी.* सुरुवात याने करावी, कारण येथे चूक करणे अवघड आहे. तुपाने निथळणारी बट्टी आणि साधे तुरीचे वरण यांना हवा असतो तो तूप कापणारा आंबटपणा, आणि तो कोरड्या शेनिनमध्ये किंवा ब्रूट स्पार्कलिंगमध्ये भरपूर असतो. सोबतची घोटलेली वांग्याची भाजी तिखट असेल तर ती चाखणीच्या वेळी वेगळ्या वाटीत घ्यावी.

*भरीत.* हिवाळ्यात शेतावर काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेल्या मोठ्या हिरव्या वांग्याच्या भरितात धूर, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि वरून सोडलेले तेल असे सगळेच जोरकस असते. धूर म्हणजे रेड असे समजून जड कॅबर्ने उघडण्याची चूक जवळजवळ प्रत्येक भरीत पार्टीत पाहायला मिळते. पिंपातल्या लाकडाचा तुरटपणा, वांग्याची सालपटे आणि हिरवी मिरची एकत्र आली की तोंडात कडू काढा तयार होतो. येथे सोव्हिन्यों ब्लां घ्यावी, आणि तीही पिंपात न मुरवलेली. तिच्यातला हिरवा, ढोबळी मिरचीकडे झुकणारा वास पातीशी आणि कोथिंबिरीशी मिळतो. कळण्याची भाकरी किंवा पुरी सोबत असेल तर उडदाचा खमंगपणा दोघांच्या मध्ये पूल बांधतो. शेतात फ्रीज नसतो हे लक्षात ठेवून बर्फाची बादली सकाळीच न्यावी. जाळाजवळ ठेवलेली बाटली अर्ध्या तासात कामातून जाते.

*शेवभाजी आणि पातोडीचा रस्सा.* हा सर्वांत कठीण वर्ग आहे. जाड तिखट शेव, भाजलेला कांदा-खोबऱ्याचा काळा मसाला आणि वर बोटभर तर्री असताना कोणतीही कोरडी वाइन हरते. किंचित गोड शेनिन चांगली गार करून द्यावी किंवा रोझे द्यावी, आणि वाढताना तर्री पळीने बाजूला काढावी. ज्यांना तर्रीशिवाय शेवभाजी ही शेवभाजीच वाटत नाही त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांना वाइन देऊ नये. शेव वाढायच्या क्षणीच घालावी. मऊ पडलेली शेव बेसनाचा चिकटपणा वाढवते आणि वाइनचा ताजेपणा त्यात गुदमरतो. डुबुकवड्यांनाही हेच लागू आहे, फक्त त्यांचा रस्सा बहुतेक घरांत थोडा सौम्य असल्याने कोरडी शेनिनही चालून जाते.

*मटण.* रस्सा आणि सुके हे वाइनच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. पातळ जहाल रश्श्यासोबत रेड घेऊ नये. तेथे रोझेच बरी. सुके मटण, ज्यात मसाला मांसाला चिकटलेला आहे आणि चरबी सुटलेली आहे, ते मात्र शिराझची खरी जागा आहे. शिराझमध्ये मिरीसारखा वास असतो आणि तो काळ्या मसाल्यातल्या मिरी-लवंगेला ओळख देतो. ती पंधरा अंशांवर असावी आणि सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी असावी. पोळीपेक्षा भाकरीचा कोरडेपणा दोन घोटांमध्ये जीभ पुसण्याचे काम अधिक चांगले करतो.

*खिचडी.* वरून कच्चे तेल घेतलेली खान्देशी खिचडी आणि भाजलेला पापड यांच्यासोबत कोरडी शेनिन किंवा शिल्लक राहिलेली कोणतीही व्हाइट चालते. फारसा विचार करू नये.

*बिबडे, तळलेले पापड, केळ्याचे वेफर्स.* मीठ, तेल आणि कुरकुरीतपणा यांना स्पार्कलिंगइतके दुसरे काहीच शोभत नाही. सावदा-रावेरकडच्या केळ्याचे साधे खारे वेफर्स घ्यावेत, मसाल्याचे नव्हेत.

*आमरस आणि मांडे.* पक्वान्न वाइनपेक्षा गोड असले की वाइन आंबट आणि पोकळ लागते. उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन पुरणाच्या मांड्याबरोबर निभावते, पण आमरसापुढे तीही फिकी पडते. रस वाटीत आला की ग्लास आवरावेत हे माझे मत आहे. आखाजीच्या किंवा कानबाईच्या जेवणात तर हा प्रयोग करूच नये. ते ताट नैवेद्याचे असते आणि घरातल्या थोरांना उगाच अवघडल्यासारखे होते.

९. वाढण्याचा क्रम

आधी स्पार्कलिंग, मग व्हाइट, मग रोझे, मग रेड आणि शेवटी गोड, असा क्रम ठेवावा. हलक्याकडून जडाकडे आणि कोरड्याकडून गोडाकडे. अडचण ही की आपले ताट एकदम वाढले जाते. पाहुण्यांना पदार्थ एकेक करून देणे जमत नसेल तर एकच वाइन ठेवावी, आणि ती ताटातल्या सर्वांत तिखट पदार्थासाठी निवडावी. तिखटाला सांभाळणारी वाइन वरण-भातालाही चालते, वरणासाठी निवडलेली तिखटापुढे टिकत नाही.

७५० मि.ली.च्या बाटलीत पंचाहत्तर मि.ली.चे दहा वाढे होतात. एका वेळी तेवढेच ओतावे आणि बाटली पुन्हा बर्फात ठेवावी, कारण उन्हाळ्यात भरलेला ग्लास अर्धा संपेपर्यंत कोमट होतो. प्रत्येक ग्लासशेजारी साध्या पाण्याचा तांब्या असावा.

तपासणी: तिखट पदार्थ ताटात येण्याआधी सर्वांचा सहाव्या टप्प्यातला अन्नाशिवायचा घोट झाला आहे ना, हे पाहा. भुकेल्या पाहुण्यांच्या पंगतीत हाच टप्पा सर्वांत आधी विसरला जातो.

१०. उरलेली बाटली

उघडलेली बाटली, रेडसुद्धा, झाकण लावून फ्रीजमध्येच ठेवावी. व्हाइट, रोझे आणि रेड तीन-चार दिवस बऱ्या राहतात. स्पार्कलिंग खास झाकण नसेल तर दुसऱ्या दिवशीच निवते. निम्म्याहून कमी उरली असेल तर स्वच्छ धुतलेल्या लहान बाटलीत काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवा कमी राहते. सिरक्याचा वास येऊ लागलेली वाइन मटणाच्या रश्श्यात ओतून ‘संपवू’ नये: रस्सा आटताना तिचा आंबटपणा आणि तुरटपणाही आटून दाट होतो, आणि काळ्या मसाल्यासोबत अख्खे पातेले कडवट होते.